लाईट लावायला डिग्री कशाला?

आखातातल्या मराठी घरांत बारावीच्या वर्षी ठरलेल्या चार-पाच गोष्टींवरच चर्चा होते. जेईईचा रँक किती येईल? ‘डासा’तून कुठलं एनआयटी मिळेल? आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी ज्या राखीव जागा असतात, त्यात नंबर लागेल का? नाहीच जमलं, तर इथलं बिट्स किंवा मणिपाल आहेच. या बोलण्याला सरावलेल्या घरात एखादं पोर ‘मला नाटक शिकायचंय’ असं म्हणालं, की आई-बाबा एकमेकांकडे बघतात आणि विषय रात्री जेवणानंतरवर ढकलला जातो.

आमच्याकडे तो गेल्या उन्हाळ्यात आला. लेक यंदा बारावीला आहे आणि तिला रंगमंचावरची प्रकाशयोजना शिकायची आहे. अभिनय नाही, नाच नाही, गाणं नाही. लाईट! तेव्हापासून मी कॉलेजं शोधते आहे. नोकरी अकाउंट्समधली, त्यामुळे या शोधाचीही वही झाली. त्या वहीतलं जे इतर आई-बाबांना, आणि तिकडे भारतात काळजी करत बसलेल्या आजी-आजोबांना उपयोगी पडेल, ते इथे मांडते.

तिला हे वेड लागलं ते इथल्याच गणेशोत्सवात. दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या मंडळींनी एकांकिका बसवली आणि एक सभागृह भाड्याने घेतलं. हजार-हजार वॉटचे चार जुने हॅलोजन एकाच एक्स्टेन्शनवर लावायची तयारी चालली होती. ही म्हणाली, ‘काका, चालणार नाही.’ इथला प्लग १३ अँपिअरचा, दाब २३० व्होल्टचा. गुणाकार केला तर २९९० वॉट. चार दिव्यांना चार हजार लागतात. मग दिवे दोन वेगळ्या सर्किटवर विभागले. पुढे तालमीत तिने आणखी एक गोष्ट दाखवली. नायिकेचा पिवळा शालू रात्रीच्या प्रसंगातल्या निळ्या प्रकाशात काळपट दिसत होता. पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो, हे दहावीच्या पुस्तकात असतं. पण शालूवर ते पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं. निळ्यात थोडा अंबर मिसळला आणि शालू पुन्हा शालू झाला.

प्रयोग छान झाला. नंतर जेवताना एक काका तिला अगदी मनापासून म्हणाले, ‘हुशार आहेस गं! पण लाईट लावायला डिग्री कशाला? इंजिनिअरिंग कर आणि हे हौस म्हणून चालू ठेव.’

प्रश्न खवचट नव्हता. स्वतः साइटवर घाम गाळून मुलांना शिकवणारा माणूस दुसरं काय विचारणार? म्हणून मी तो प्रश्न वहीच्या पहिल्याच पानावर लिहिला.

हातातलं आणि डोक्यातलं

प्रकाशयोजना करणाऱ्याला काय काय यावं लागतं, याची यादी लेकीनेच मला करून दिली. विजेचा भार मोजता आला पाहिजे. हॅलोजनचा प्रकाश साधारण ३२०० केल्व्हिनचा, म्हणून पिवळसर. दिवसाचा ५६०० च्या आसपास, म्हणून पांढरा. हे कळलं पाहिजे. डीएमएक्सच्या एका केबलीतून ५१२ चॅनल जातात, ते कुठे कसे वाटायचे हे जमलं पाहिजे. एवढं झालं की संपलं, असं मला वाटलं होतं. पण यादी पुढे चालू राहिली. संहिता वाचता आली पाहिजे. लेखकाने ‘संध्याकाळ’ एवढंच लिहिलं असेल, तर ती कोकणातली की दिल्लीतली, जूनमधली की डिसेंबरमधली, हे शोधता आलं पाहिजे. चित्रकारांनी सावल्या कशा रंगवल्या ते पाहिलेलं पाहिजे. दिग्दर्शकाशी वाद घालता आला पाहिजे आणि हातातल्या पैशांत बसवताही आलं पाहिजे.

उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकाचं उदाहरण या क्षेत्रात नेहमी देतात. १९५९ मध्ये कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये ते झालं. कोळशाच्या खाणीत पाणी शिरतं आणि आत अडकलेले कामगार बुडतात, हा शेवट तापस सेन यांनी प्रकाशाच्या जोरावर उभा केला. दिवे सगळ्यांकडे असतात. पण बुडणाऱ्या माणसाच्या छातीपर्यंत चढणारं पाणी प्रकाशातून दाखवायचं, हे सुचायला दिव्यांपलीकडचं काही लागतं.

थोडक्यात, हातात कसब हवं आणि डोक्यात वाचन हवं. अडचण अशी, की जगभर या दोन गोष्टी बहुतेक वेळा दोन वेगळ्या इमारतींत शिकवतात.

कसब शिकवणाऱ्या संस्थेला पाश्चात्त्य देशांत कन्झर्व्हेटरी म्हणतात. या शब्दाची गोष्ट मजेशीर आहे. इटलीत नेपल्स शहरात अनाथ मुलांना सांभाळणारे आश्रम होते. ‘सांभाळणे’ या अर्थाच्या शब्दावरून त्यांचं नाव पडलं. मुलांना पुढे पोट भरता यावं म्हणून तिथे संगीत शिकवत. हळूहळू आश्रमाचं नाव संगीतशाळेलाच चिकटलं. पॅरिसची प्रसिद्ध कन्झर्व्हेटरी १७९५ ची. दिवसाचे सहा-सहा तास रियाझ, समोर गुरू, वर्षाअखेर प्रयोग, असं तिथलं शिक्षण. आपल्या घराण्यांच्या तालमीपेक्षा फार वेगळं नाही. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा ही तालीम घराण्याबाहेरच्या कुणालाही खुली झाली. आखातातली कितीतरी मराठी मुलं आजही त्याच परंपरेतल्या प्रारंभिक ते विशारदच्या परीक्षा देतात. पण शाळा-कॉलेज बाजूला ठेवून नव्हे, ते सांभाळून, शनिवारच्या क्लासला जाऊन.

दुसरी इमारत लिबरल आर्ट्सची. भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान, गणित, विज्ञान, समाजशास्त्र यांतलं थोडं थोडं सगळ्यांनी शिकायचं, मग एका विषयात खोल जायचं. विचार करायला, लिहायला, प्रश्न विचारायला शिकवणारं हे शिक्षण. पण इथे सहा तास रियाझाला वेळ कुणाकडे असतो?

आपल्याकडच्या मोठ्या संस्थांनी यावर सरळ उपाय काढला : आधी पदवी, मग कला. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचं, तर पदवीधर असावं लागतं. त्यानंतर तीन वर्षांचा डिप्लोमा. उत्तम संस्था आहे, वादच नाही. पण पगारावर चालणाऱ्या घराने हिशोब केला, तर ही सहा वर्षं होतात.

एकाच आवारात

शोधता शोधता कळलं, की या दोन इमारती एकाच आवारात बांधायचा प्रयत्न काहींनी केला आहे, आणि तोही सरकारी पैशातून. न्यूयॉर्क राज्याच्या सरकारी विद्यापीठाचं पर्चेस कॉलेज हे त्याचं ठळक उदाहरण. १९६७ मध्ये, नेल्सन रॉकफेलर गव्हर्नर असताना, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला पाचशे एकर जागेवर त्याची सुरुवात झाली. नृत्य, संगीत आणि नाट्य यांच्या कन्झर्व्हेटरी एका बाजूला, मानव्यविद्या आणि विज्ञान दुसऱ्या बाजूला, मधे कलासंग्रहालय. नाट्यविभागात अभिनयाबरोबर नेपथ्य आणि प्रकाशयोजनाही शिकवतात. स्टॅन्ली टुची, ईडी फाल्को हे नट तिथले विद्यार्थी. कन्झर्व्हेटरीत प्रवेश घेतला तरी सामान्य शिक्षणाचे विषय सुटत नाहीत, ही तिथली खरी गोम.

‘सरकारी’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देते आहे. खासगी पैशाने असं कॉलेज काढता येतंच; भारतातही निघाली आहेत. पण कलेचं शिक्षण महाग असतं. एका शिक्षकासमोर चार-पाचच विद्यार्थी बसवावे लागतात, रंगमंच लागतो, वाद्यं लागतात, दिवे लागतात. हा सगळा खर्च फीमधून काढायचा म्हटलं, तर कला फक्त श्रीमंतांच्या मुलांनी शिकावी असा त्याचा अर्थ होतो. त्यात सार्वजनिक पैसा आला, की कारकुनाच्या आणि फोरमनच्या मुलीलाही दार उघडतं. अर्थात पर्चेसचं स्वस्त दार हे न्यूयॉर्कच्या रहिवाशांसाठी. शारजाहून जाणाऱ्यांना बाहेरच्यांची फी, शिवाय राहण्या-जेवण्याचे डॉलर. आमच्या वहीत ते पान तिथेच मिटलं.

घराजवळ काय आहे?

मराठी माणसाला शारजा म्हटलं की एप्रिल १९९८ आठवतो. वाळूचं वादळ, आणि सचिनच्या १४३ आणि १३४ धावा. त्याच १९९८ मध्ये युनेस्कोने शारजाला ‘अरब जगताची सांस्कृतिक राजधानी’ म्हटलं होतं. हे मात्र सतरा वर्षं इथे राहूनही माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. कॉलेजच्या शोधात आलं. १९७२ पासून शारजाचे शासक असलेले शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी स्वतः इतिहासकार आणि नाटककार आहेत. ब्रिटनमधल्या एक्सेटर विद्यापीठाची इतिहासातली पीएचडी त्यांच्याकडे आहे. त्यांच्याच पुढाकाराने १९९७ मध्ये इथे युनिव्हर्सिटी सिटी उभी राहिली आणि २०१९ मध्ये शारजा परफॉर्मिंग आर्ट्स ॲकॅडमी सुरू झाली.

या ॲकॅडमीत अभिनय, म्युझिकल थिएटर आणि प्रॉडक्शन आर्ट्स यांची चार वर्षांची पदवी मिळते. प्रॉडक्शन आर्ट्स म्हणजे पडद्यामागचं सगळं. प्रकाश, ध्वनी, नेपथ्य, वेशभूषा, रंगमंच व्यवस्थापन. हे वाचल्यावर आमच्या लेकीने मला घट्ट मिठी मारली, कारण आमच्या घरापासून हे ठिकाण वीस मिनिटांवर आहे. शिक्षणाचा बाज कन्झर्व्हेटरीचा. पण अमिरातीत कुठल्याही पदवीला मान्यता मिळवायची, तर भाषा, समाज, संस्कृती असे सामान्य शिक्षणाचे विषय त्यात घालावेच लागतात. म्हणजे दुसऱ्या इमारतीची एक खोली तरी इथे आहे.

दुसऱ्या टोकाला अबुधाबी. सादियात बेटावरचं न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी अबुधाबी २०१० मध्ये सुरू झालं आणि २०१४ मध्ये आजच्या जागेत आलं. नाव अमेरिकन, पण उभं आहे अबुधाबी सरकारच्या पाठबळावर. इथे लिबरल आर्ट्सचं पारडं जड. प्रत्येकाला मूलभूत विषयांचा गाभा पुरा करावा लागतो आणि त्यासोबत नाटक, संगीत, चित्रपट हे मुख्य विषय म्हणून घेता येतात. उत्तम थिएटर आवारातच आहे. इंजिनिअरिंग शिकणारा आणि नाटक शिकणारा एकाच मेसमध्ये जेवतात. गरजेप्रमाणे आर्थिक मदतही मिळते. मात्र अर्जांच्या मानाने जागा फारच थोड्या, आणि दिवसभर दिव्यांशी खेळणारी तालीम हा तिथला हेतू नाही.

अबुधाबीतच २००८ पासून ‘बैत अल ऊद’ आहे. इराकी ऊदवादक नसीर शम्मा यांनी उभं केलेलं. ऊद, कानून अशी वाद्यं वाजवायला आणि ऊद बनवायलाही शिकवतात. हे शुद्ध गुरुकुल. २०२० मध्ये बर्कलीचं संगीत केंद्रही सादियातवर आलं. आणि सरकारी म्हणजे अगदी संघराज्य सरकारचं कॉलेज हवं असेल, तर १९९८ मध्ये स्थापन झालेल्या झायेद विद्यापीठात कला आणि सर्जनशील उद्योगांचं कॉलेज आहे. पायाभूत विषय सगळ्यांना समान, मग ग्राफिक डिझाइन, इंटिरिअर, चित्रकला वगैरे. तिथे रंगमंच नाही. पण ज्यांच्या मुलांना डिझाइनमध्ये जायचंय, त्यांनी जरूर बघावं.

एकूण काय, दोन अर्ध्या भाकऱ्या शे-दीडशे किलोमीटरच्या अंतरावर आहेत. अख्खी भाकरी एका ताटात अजून नाही. तरीही वीस वर्षांपूर्वी इथे वाढलेल्या मुलांना यातलं जवळजवळ काहीच नव्हतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे.

बडोद्याची आठवण

शेख सुलतान यांच्याबद्दल वाचताना मला राहून राहून सयाजीराव गायकवाड आठवत होते. राज्याचा पैसा शिक्षणाकडे आणि कलेकडे वळवणारा राजा म्हटला, की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तेच येणार. आणि मग जाणवलं, की ज्या कॉलेजची कल्पना मी न्यूयॉर्कमध्ये शोधत होते, तिची मुळं आपल्या बडोद्यात सव्वाशे वर्षांहून जुनी आहेत.

१८८६ मध्ये सयाजीरावांनी मौलाबख्श यांच्या हाताखाली बडोद्यात संगीतशाळा काढली. दरबारातलं गाणं शाळेत आलं. १८९० मध्ये त्यांनी कलाभवन सुरू केलं. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून कलाभवनात आले आणि तिथे चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकले. कलाभवनाचे प्रमुख टी. के. गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. रंगकामापासून यंत्रकामापर्यंतचं शिक्षण लोकांच्या भाषेत द्यावं, हा त्यांचा आग्रह. एकाच छपराखाली चित्र, रसायन आणि कॅमेरा हाताळलेल्या त्या विद्यार्थ्याने १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. ‘डिग्री कशाला?’ विचारणाऱ्या काकांना मी परवा हेच सांगितलं. फाळके नुसते चित्रकार किंवा नुसते तंत्रज्ञ असते, तर आपला सिनेमा कुणीतरी दुसऱ्याने सुरू केला असता. काका हसले आणि म्हणाले, ‘हे पटलं.’

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं. हंसा मेहता पहिल्या कुलगुरू. १९५० मध्ये ललित कला विद्याशाखा निघाली. तोवर आपल्याकडे चित्रकला शिकणाऱ्याला बहुधा डिप्लोमाच मिळायचा. इथे चित्रकाराला इतर पदवीधरांच्या बरोबरीची विद्यापीठाची पदवी मिळू लागली. सोबत कलेचा इतिहास शिकायचा, लिहायचं, वाद घालायचे. ना. श्री. बेंद्रे, शंखो चौधरी, के. जी. सुब्रमण्यन अशी माणसं शिकवायला. जुन्या संगीतशाळेचंही पुढे याच विद्यापीठात गायन, वादन, नृत्य आणि नाट्य शिकवणाऱ्या विद्याशाखेत रूपांतर झालं. विज्ञान, वाणिज्य, तंत्रज्ञान आणि नाटक एकाच विद्यापीठात, सरकारी फीमध्ये. आपण याला कधी पर्चेससारखं भारी नाव दिलं नाही एवढंच.

पुण्यालाही १९८७ पासून विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. त्याच्या नावातच ‘गुरुकुल’ आहे. संगीत, नृत्य, नाट्य यांची पदवी, आणि शिकवणं गुरूच्या पद्धतीने. नाटककार सतीश आळेकरांनी बरीच वर्षं ते चालवलं. १८५७ च्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर कलेच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या शाखेचे विषय घेणं, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने संगीताचे श्रेयांक मिळवणं, हे निदान कागदावर तरी शक्य झालं आहे. प्रत्यक्षात कुठल्या कॉलेजात ते कितपत चालतं, हे जाऊन विचारावं लागतं.

विचारायचे प्रश्न

या शोधातून काही प्रश्न पक्के झाले. कुठलंही कॉलेज बघताना मी आता ते विचारतेच.

पहिला, मान्यता कुणाची? अमिरातीत शैक्षणिक मान्यता देणारा आयोग, म्हणजे सीएए, संस्थेला परवाना वेगळा देतो आणि प्रत्येक अभ्यासक्रमाला मान्यता वेगळी देतो. संस्थेचं नाव यादीत दिसलं म्हणून थांबू नका. आपल्याला हवा तो अभ्यासक्रम त्यात आहे का, ते बघा. दुबईच्या फ्री झोनमधल्या शाखांचे नियम आणखी वेगळे असतात.

दुसरा, पुढे भारतात ही पदवी चालेल का? एम.ए.ला किंवा सरकारी नोकरीला समकक्षतेचा दाखला लागतो. यूजीसीने २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नियम केले आहेत. प्रवेश घेण्याआधीच ते वाचून ठेवावेत.

तिसरा, आठवड्यातले किती तास तालीम आणि किती तास वर्ग? यावरूनच कळतं की हे कॉलेज खरोखर दोन्ही देतं, की एकाचं नाव लावून दुसरं विकतं.

चौथा, शेवटच्या वर्षी मूल काय उभं करतं? नाटक, प्रदर्शन, प्रबंध? जमलं तर ते जाऊन बघावं. माहितीपत्रकापेक्षा शेवटच्या वर्षाचा प्रयोग जास्त खरं बोलतो.

आणि पाचवा प्रश्न फक्त आपल्यासारख्यांचा : व्हिसाचं काय? अविवाहित मुलगी वयाची अट न ठेवता आई-वडिलांच्या व्हिसावर राहू शकते. मुलग्यांना २०२२ च्या नियमांनुसार पंचविशीपर्यंत सवलत आहे. पण हे सगळं आपली नोकरी असेपर्यंत. चार वर्षांच्या पदवीत मधेच आपली नोकरी गेली तर? तेव्हा कॉलेज स्वतः विद्यार्थ्याचा व्हिसा काढून देतं का, हे आधीच विचारून घ्या.

हा शेवटचा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. नवऱ्याची कंपनी गेल्या वर्षभरात दोनदा माणसं कमी करून झाली आहे. तो अजून आहे. पण चार वर्षांची फी आणि शारजातलं भाडं यांची बेरीज मी रोज रात्री नव्याने करते, आणि ती रोज तेवढीच येते. लेकीला हे माहीत आहे. तिने एकदा मला विचारलं, ‘आई, मी इंजिनिअरिंग घेतलं तर तुला बरं वाटेल ना?’ मी म्हटलं, ‘इंजिनिअरिंगची फी काय कमी असते का?’ तिला हसू आलं. पण तिने ते किती दिवस मनात ठेवलं असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

सासूबाई सांगलीला असतात. इथे व्हॉट्सॲपवरून कॉल लागत नाही, म्हणून दर शुक्रवारी बोटिमवर त्यांच्याशी बोलणं होतं. त्यांना मी सगळं सविस्तर सांगितलं. सांगली हे विष्णुदास भाव्यांचं गाव. १८४३ मध्ये तिथे ‘सीतास्वयंवर’ झालं आणि मराठी नाटक उभं राहिलं. त्यामुळे त्यांच्याकडून मला पाठिंब्याची खात्री होती. त्या म्हणाल्या, ‘अगं, सांगलीत नाटकाला कुणी नाही म्हणत नाही. नाटकवाल्याला मुलगी द्यायची वेळ आली की म्हणतात.’ मग थोड्या थांबल्या. ‘पोरगी पोटापाण्याला लागेल ना, तेवढं बघा.’

तर पोटापाण्याचं. २०१६ मध्ये दुबई ऑपेरा सुरू झालं, २०१९ मध्ये कोकाकोला अरीना. एक्स्पोच्या वेळी अल वस्लच्या घुमटावर जो प्रकाशाचा खेळ चालायचा, तो आपण सगळ्यांनी तोंडाचा आ करून बघितला. त्यामागे दिवे लावणारी, त्यांचा आराखडा काढणारी, रात्रभर जागून केबली ओढणारी माणसं होती. संग्रहालयांना प्रकाशयोजना लागते, हॉटेलांना लागते, लग्नांना तर लागतेच. पगार किती, हे मी सांगू शकत नाही. सुरुवातीला तो कमीच असणार, असं धरून आम्ही हिशोब केला आहे. पण काम आहे, आणि ते हाताने करायचं आहे.

लेक तीन ठिकाणी अर्ज करते आहे : शारजा, बडोदा आणि पुणे. अर्जाबरोबर जोडायला तिने दोन एकांकिकांचे प्रकाश-आराखडे स्वच्छ काढलेत आणि पिवळ्या शालूवर एक पानभर टिपण लिहिलंय. टिपण इंग्रजीत आहे, पण ‘शालू’ शब्द तिने तसाच ठेवलाय. पुढच्या महिन्यात पहिली मुलाखत आहे. प्रवेश कुठे मिळेल, मिळेल की नाही, आज माहीत नाही. नाहीच मिळाला, तर एक वर्ष थांबायचं की दुसरं काही घ्यायचं, हे तिचं ती ठरवणार आहे आणि आम्ही सोबत बसणार आहोत.

भारतातल्या नातेवाइकांना एकच विनंती. निकालाच्या दिवशी फोन कराल, तेव्हा टक्के जरूर विचारा. आम्हालाही सांगायला आवडतील. पण त्यानंतर ‘सध्या काय करतेयस?’ एवढंही विचारा. ती तासभर बोलेल, थोडं कंटाळवाणंही होईल, ऐकून घ्या. आणि वाचकांपैकी कुणाची मुलं शारजाच्या ॲकॅडमीत, बडोद्याला किंवा ललित कला केंद्रात शिकत असतील, तर तिथले खरे अनुभव या सदरातून जरूर लिहा. माझ्या वहीची बरीच पानं अजून कोरी आहेत.